पदराची गाठ, घरातली पाल आणि कटपयादि: पाठांतराच्या युक्त्या प्रत्यक्ष कशा वापरायच्या

माझी आजी काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची. संध्याकाळी गाठ हाताला लागली की थबकायची आणि म्हणायची, "अगंबाई, ही कशाची बरं?" काहीतरी लक्षात ठेवायचं आहे, एवढंच ती गाठ सांगायची. काय ठेवायचं आहे ते तिच्या पोटात नसायचं.

चांगली स्मरणयुक्ती म्हणजे आतला माल दाखवणारी गाठ. या लेखात तशा चार गाठी कशा बांधायच्या ते सांगतो. त्यातली आकड्यांची गाठ देवनागरी लिहिणाऱ्या माणसाला जन्मतःच सोपी आहे आणि तरी आपल्याकडे फारशी कोणी वापरत नाही, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवताना मी हे सगळं वर्षानुवर्षं वापरलं आहे, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच जास्त येतील.

आधी निवड करा

पुस्तक उघडलं की पेन्सिलीने दोन खुणा करायची सवय लावा. जे समजलं की आपोआप आठवतं, त्याला एक खूण. ज्याला कारणच नाही, त्याला दुसरी. पाऊस घाटमाथ्यावर जास्त का पडतो हे समजून घ्यायचं असतं, त्याला युक्ती लावणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. पण नागपूर विभागात नेमके कोणते सहा जिल्हे आहेत, किंवा एखादी लढाई 1761 सालीच झाली, 1763 साली नाही, यात समजण्यासारखं काही नसतं. ते नुसतं धरून ठेवायचं असतं. युक्त्या फक्त या दुसऱ्या ढिगासाठी. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं पहिल्या ढिगालाही युक्त्या लावत बसतात आणि मग म्हणतात, युक्त्याच लक्षात राहत नाहीत.

एका वेळी डोक्यात किती मावतं याचीही मर्यादा आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1956 साली ती साधारण सात वस्तूंची सांगितली, दोन इकडे किंवा दोन तिकडे. मोबाईलचा दहा आकडी नंबर आपण सुटे आकडे म्हणून सांगत नाही, दोन गठ्ठे करून सांगतो, ते यामुळेच. यादी सातच्या पुढे गेली की आधी गठ्ठे पाडा, मगच युक्ती शोधा.

पहिली गाठ: आद्याक्षरांची

ही तुम्हाला येते. इंद्रधनुष्याचे रंग 'तानापिहिनिपाजा' म्हणून पाठ झालेले असतात आणि गणितातला क्रम 'कंचेभागुबेव' म्हणून. शाळा सुटून तीस वर्षं झालेल्या माणसाला अर्ध्या झोपेतून उठवून विचारलं तरी तानापिहिनिपाजा बाहेर पडतं. कारण अर्थ नव्हे, ठेका. तेव्हा पहिला नियम: अक्षरं जुळवली की मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळली तर तो शब्द टाकून द्या.

नागपूर विभाग घ्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. आद्याक्षरं ना-व-भं-गो-चं-ग. त्यातून एका बाकावर बसल्याबसल्या निघालेलं वाक्य: 'नाव भंगो, चंग बांधू'. नाव फुटली तर फुटू दे, आम्ही चंग बांधून बसलोय. 'बांधू' हे नुसतं शेपूट, त्याला जिल्हा नाही. अर्थ थोडा ओढूनताणून आहे, पण एकदा ऐकल्यावर विसरलेलं पोर मी पाहिलेलं नाही.

आता हीच युक्ती कोकणाला लावून पाहा. पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पा-ठा-मुं-मुं-रा-र-सिं. बोबड्या बाळाचं बोलणं झालं हे. दोन मुं एकमेकांवर आदळतात, रायगड आणि रत्नागिरीत आधी कोण हे 'रा-र' सांगेल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी हट्ट करू नका. कोकण हा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणारा पट्टा आहे. नकाशावर बोट ठेवून तीनदा खाली उतरा, काम झालं.

आद्याक्षरांच्या युक्तीचा कळस पाहायचा असेल तर छंदशास्त्राचं 'यमाताराजभानसलगा' पाहा. वृत्तांचे आठ गण, म्हणजे लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ) अक्षरांचे तीन-तीनचे गट, लक्षात ठेवायचं हे सूत्र. ज्या गणाचं लक्षण हवं, त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं उचलायची. यगण हवा? य-मा-ता, म्हणजे लघु, गुरू, गुरू. तगण? ता-रा-ज, गुरू, गुरू, लघु. सगण? स-ल-गा, लघु, लघु, गुरू. शेवटचे ल आणि गा हे लघु-गुरूच. इथे नाव आणि लक्षण वेगळं पाठ करावंच लागत नाही, शब्द स्वतःच स्वतःचं उदाहरण आहे. कोणी रचलं असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार. आपल्याला असं काही जमेल अशी आशा मी धरत नाही.

दुसरी गाठ: घराची

आद्याक्षरं पाच-सहा गोष्टींना पुरतात. त्यापुढे जागा लागते, आणि जागा तुमच्या घरात आहे.

ग्रीसमधली कथा आहे. सिमोनिदीज नावाचा कवी मेजवानीतून बाहेर आला आणि मागे छत कोसळलं. आतली माणसं ओळखू येईनात, तेव्हा कोण कुठे बसलं होतं त्या जागांवरून त्याने प्रत्येकाला ओळखलं. पुढे रोमन वक्ते लांबलचक भाषणं याच रीतीने लक्षात ठेवत: ओळखीच्या इमारतीत मनाने फिरायचं आणि प्रत्येक कोपऱ्यात भाषणाचा एकेक मुद्दा ठेवून द्यायचा.

करायचं असं. घराच्या दारात उभे राहा आणि आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीने फिरा. वाटेत आठ ते दहा ठिकाणं ठरवा. कागदावर लिहा, प्रत्यक्ष दोनदा चाला, मग डोळे मिटून एकदा सुलट आणि एकदा उलट चाला. क्रम कायमचा ठरला पाहिजे. हे होईपर्यंत त्या ठिकाणी काहीही ठेवू नका. दोन खोल्यांचं घर असलं तरी चालतं, वाडा लागत नाही. माझी ठिकाणं सांगतो: दार, चपलांचा रॅक, टीव्ही, दिवाण, बेसिन, कपाट, ओटा, मोरी.

आता सामान ठेवू. अष्टविनायक घ्या, कारण आठही नावं बहुतेकांना माहीत असतात पण क्रमाने म्हणायला सांगितलं की पाचव्याला गाडी अडते. परंपरेचा क्रम असा: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव.

दार उघडायला जातो तर उंबऱ्यावर मोर पिसारा फुलवून वाट अडवतोय. चपलांच्या रॅकला एक जटाधारी सिद्ध पुरुष पाठ टेकून घोरतोय. टीव्हीवर बातम्या चालू आहेत आणि निवेदिकेच्या नाकावर पाल. दिवाणावर पाहुण्याच्या जागी महाप्रचंड हाड, त्याला कोणीतरी पांघरूणही घातलंय. बेसिनच्या नळातून थेंब, थेंब, थेंब, तो थेऊर. कपाट उघडलं तर कपड्यांऐवजी आत लेणी, थेट डोंगरात जाणारी. ओट्यावर कोणीतरी डोक्यावरचं ओझं धाडकन टाकलंय. आणि मोरीत रांजण, दारातून आत गेलाच कसा हे कोडं आहे.

देवाच्या यादीला पाल आणि हाड कशाला, असं कोणाला वाटेल. वाटलं तर बदला. पण नीटनेटकं, शोभेलसं चित्र टिकत नाही हे बदलण्याआधी लक्षात घ्या. दिवाणावर उशी रोजच असते, मेंदू तिची नोंद का करेल? हाडाची करतो. चित्र हललं पाहिजे, आवाज केला पाहिजे, जागेची थोडी नासधूस केली पाहिजे. नुसतं 'ओट्यावर ओझं आहे' असं वाक्य मनात म्हटलं तर दोन दिवसांत पुसलं जातं. ओटा तडकला, पीठ उडालं, असं दिसलं तर टिकतं.

एक सावधगिरी. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचं महड वेगळं आणि 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं महाड वेगळं. हाडाच्या चित्रावरून कोणी 'महाड' लिहून आलं तर दोष युक्तीचा नाही, चित्र ठेवताना मूळ शब्द नीट न पाहिल्याचा आहे. चित्र हे फक्त बोट दाखवतं. नाव आधी एकदा नीट वाचून, लिहून झालेलंच हवं.

त्याच घरावर वरचा माहितीचा मजलाही चढवता येतो. सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात, पाली आणि महड रायगडात, उरलेले पाच पुण्यात. मी टीव्ही आणि दिवाण या दोनच ठिकाणी समुद्राचं पाणी भरलं आणि रॅकवरच्या साधूच्या हातात नगरचा किल्ला दिला. पुण्यासाठी काहीच केलं नाही. जास्त आहेत त्यांना मोकळं सोडायचं, थोडे आहेत त्यांनाच खूण करायची.

तिसरी गाठ: आकड्यांची

सनावळ्या हा मराठी मुलांचा जुना शत्रू. आकड्याला रंग नाही, वास नाही, तो ओट्यावर ठेवताच येत नाही. त्याचा आधी शब्द करावा लागतो. युरोपात यासाठी व्यंजनांची एक पद्धत आहे आणि यूट्यूबवरचे गुरुजी तीच रोमन अक्षरांसकट शिकवतात. मला कधी कळलं नाही की कशासाठी. आपल्या वर्णमालेवर बेतलेली कटपयादि पद्धत शतकानुशतकं वापरात आहे. केरळच्या गणित्यांनी 'ज्या'ची, म्हणजे त्रिकोणमितीतल्या साइनची, सारणी श्लोकांत बसवली ती याच पद्धतीने. कर्नाटक संगीतातले 72 मेळकर्ते रागही तिच्यावर उभे आहेत: रागाच्या नावातली पहिली दोन अक्षरं त्याचा क्रमांक सांगतात. खरहरप्रियातला 'खर' म्हणजे 22.

वर्णमाला येत असेल तर कोष्टक जवळजवळ पाठच आहे. क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ञ शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ, न शून्य. प ते म, एक ते पाच. य ते ह, एक ते आठ, आणि ळ नऊ. क, ट, प, य या चारही ठिकाणी मोजणी एकपासून सुरू होते, म्हणून कटपयादि. आकड्यावरून अक्षर शोधायला असं मांडा:

1 – क, ट, प, य
2 – ख, ठ, फ, र
3 – ग, ड, ब, ल
4 – घ, ढ, भ, व
5 – ङ, ण, म, श
6 – च, त, ष
7 – छ, थ, स
8 – ज, द, ह
9 – झ, ध, ळ
0 – ञ, न आणि शब्दाच्या सुरुवातीचा सुटा स्वर

काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना किंमत नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन मोजायचं, म्हणजे 'विद्या' मध्ये व आणि य, 41. क्ष मध्ये ष, म्हणून 6. ज्ञ मध्ये ञ, म्हणून शून्य. उच्चारात शेवटचा अ गिळला जात असला तरी लिहिलेलं अक्षर मोजायचं.

जुन्या ग्रंथांत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून 'मेचकल्याणी' तला 'मेच' 56 नाही, 65. आपल्याला रागांच्या परीक्षेला बसायचं नसेल तर सरळ डावीकडून उजवीकडे वाचा. एकच दिशा धरा आणि तिच्याशी कधीही खेळू नका, एवढंच.

शतक बहुधा माहीत असतं. शिवाजी महाराज सतराव्या शतकातले, पानिपत अठराव्यातलं, यात घोळ होत नाही. घोळ होतो शेवटच्या दोन आकड्यांत, म्हणून शब्द तेवढ्याचाच करायचा. आता गंमत पाहा.

पानिपतचं तिसरं युद्ध, 1761. त-प. तोप! इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना डोळ्यांपुढे आणा, झालं. राज्याभिषेक 1674: स-भ, सभा, रायगडावर भरलेली. महाराजांचं निधन 1680: ह-न, हानी. पेशवाई बुडाली 1818 साली: प-द, प-द, पेशव्यांचं पद गेलं, दोनदा म्हणायचं. पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली 1848 साली: व-द, शाळेवरून उठलेला वाद. 1857: म-स, मांस, काडतुसाला लावलेल्या चरबीचं. 1885 साली पुढारी मुंबईत जमा झाले आणि काँग्रेस स्थापन झाली: जमा, 85. 1942 साली गवालिया टँकवरून इंग्रजांना सांगितलं, आपलं घर गाठा: घर, 42. नागपूरची धम्मदीक्षा 1956: मत, 56. महाराष्ट्र राज्य 1960: नवं घर, भिंतीला चुना, 60.

भिडेवाड्याच्या उदाहरणात एक सापळा आहे. वाडा म्हटलं की 'वाडा' हाच शब्द ठेवावासा वाटतो, पण व-ड म्हणजे 43. शब्द प्रसंगाला शोभतो म्हणून घेऊ नका, आधी आकडा तपासा. एका मुलाने चाचणीत 1843 लिहिलं, त्याचं कारण हेच निघालं.

आणि दोन घटनांचे शेवटचे आकडे सारखे आले तर? गोवा मुक्त झाला 1961 साली. पुन्हा 61, पण तोप पानिपतला देऊन झाली आहे. त-ट, तट. किनारा म्हणा की किल्ल्याची भिंत, गोव्याला दोन्ही चालतं. प्रत्येक आकड्याला तीन-चार अक्षरं आहेत ती याचसाठी.

कोष्टक बसायला मुलांना साधारण चार-पाच दिवस लागतात. रस्त्याने जाताना गाड्यांच्या नंबरांचे शब्द करा, दुकानांच्या पाट्यांचे आकडे करा. पहिले दोन दिवस अंगावर येतं. तिसऱ्या दिवशी सिग्नलला समोरची रिक्षा 'मासा' दिसायला लागते. एटीएमचा पिनही असाच दोन शब्दांत ठेवता येतो. फक्त तो शब्द पाकिटात लिहून ठेवू नका, आणि या लेखातले शब्दही वापरू नका.

चौथी गाठ: उलट म्हणण्याची

क्रम हलत असेल तर यासाठी वेदपाठकांकडे जा. जटापाठात दोन पदं सुलट, मग उलट, मग पुन्हा सुलट म्हणतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन, मग दोन-तीन, तीन-दोन, दोन-तीन. घनपाठ त्याहून गुंतागुंतीचा. हेतू असा की एकही पद गळू नये, जागा सोडू नये. यादी फक्त सुरुवातीपासूनच म्हणता येत असेल, मधून उचलता येत नसेल, तर जटेसारखी दोन-दोनची जोडी करून म्हणा. पाढा येतो पण 'सात आठे' एकदम विचारलं की खालून चढावं लागतं, त्या दुखण्यावरही हेच औषध आहे.

उजळणी, जी कोणाला नको असते

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की निरर्थक अक्षरं पाठ केल्यावर विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि नंतर मंदावतं. म्हणजे पहिली उजळणी लवकर हवी. मी मुलांना सांगतो तो क्रम: त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. यात वाचायचं काहीही नाही. वही मिटलेली, डोळे मिटलेले, दारापासून मोरीपर्यंत चालायचं. अडलं तर अर्धा मिनिट तिथेच उभं राहायचं आणि मगच वही उघडायची. पान पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, ते ओळखीचं वाटणं आहे. आठवणं निराळं.

अडलेल्या ठिकाणी चित्र बदला, उजळणी वाढवू नका. चारदा बेसिनपाशी अडत असाल तर थेंब पुचाट आहे. नळातून रक्त येऊ द्या, नाहीतर बेसिनच फुटू द्या.

एकाच घरात आठवड्याभरात दोन याद्या ठेवू नका. परीक्षेच्या मुलांना मी चार वास्तू तयार करायला सांगतो: स्वतःचं घर, आजोळ, शाळा आणि अभ्यासिकेपर्यंतचा रस्ता. सदाशिव पेठेत राहणाऱ्यांना रस्त्यावर ठिकाणांचा तुटवडा पडत नाही, दर दहा पावलांवर झेरॉक्सचं दुकान आणि चहाची टपरी. पण सगळी झेरॉक्सची दुकानं सारखीच दिसतात, तेव्हा रस्ता घेणार असाल तर दोन ठिकाणं एका जातीची घेऊ नका.

काम झालेली यादी घरातून काढायची असेल तर तिला शिवू नका. उजळणी थांबवली की महिन्या-दोन महिन्यांत सामान फिकं होतं आणि जागा नव्या यादीला मोकळी होते. माझ्या घरातून मोर गेला, साधू उठून गेला, रांजणही मोरीतून कोणीतरी नेला. टीव्हीवर बातम्या लागल्या की ती पाल मात्र अजून दिसते.